रुग्ण पाहिजेत, प्रकृती उत्तम असावी

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. (एरवी वाकून केला असता, पण सध्या मला वाकायला मनाई आहे. कारण पुढे येईल. पान उलटून शेवट आधी वाचू नकोस, तुझी ती सवय मला ठाऊक आहे.) तुझा गुडघा कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे लक्ष देऊन बघ आणि कळव, दोन्हींची कारणं निराळी असतात. भाऊजींचा खोकला कोरडा आहे की कफ पडतो? आडवं झाल्यावर वाढतो का? हे सगळं मी विचारतोय म्हणून दचकू नकोस. मी या वयात डॉक्टर झालेलो नाही. मी पेशंट झालो आहे, आणि तोही नेमणूकपत्र घेऊन.

तुझी दोन पत्रं आली होती. दोन्हींना मी कार्डावर ‘मी ठीक आहे, काळजी नसावी’ एवढंच उत्तर पाठवलं, त्याला आता अकरा महिने झाले. त्या अकरा महिन्यांत काय काय झालं ते सविस्तर लिहायला बसलोय. कागद भरपूर आहेत. वेळही आहे. वेळ तर इतका आहे की काल मी किल्ल्यांचा जुडगा साबणाच्या पाण्यात घालून एकेक किल्ली ब्रशनं घासली, आणि शेवटची किल्ली कुठल्या कुलपाची हे आठवत बसलो तोवर संध्याकाळ झाली. (आठवलं नाही.)

तर झालं असं. चष्म्याचा नंबर बदलला होता म्हणून मी इथल्या मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. त्याच आवारात डॉक्टरकीचं कॉलेज आहे. परत येताना व्हरांड्यात एक सूचनाफलक दिसला. त्यावर टाइप केलेला कागद: ‘रुग्ण पाहिजेत. वय पन्नास ते सत्तर. प्रकृती उत्तम असावी.’ आता तूच सांग, मी वजनमापं खात्यात चौतीस वर्षं निरीक्षक म्हणून काढलेली. ज्या दुकानात तराजूचा काटा केसभर कलला असेल तिथे मी दारातूनच ओळखायचो. असली चूक डोळ्यांदेखत भिंतीवर टांगलेली बघून पुढे जाणं मला कसं जमावं? मी कागदावरच्या खोलीचा नंबर वाचला, दोन मजले चढून गेलो आणि तिथल्या बाईंना म्हणालो, तुमच्या सूचनेत चूक आहे, ज्याची प्रकृती उत्तम तो रुग्ण कसा? त्या बाईंनी मला बसायला खुर्ची दिली. अर्ध्या तासानं मी नोकरी घेऊन बाहेर पडलो.

चूक नव्हतीच. डॉक्टरकी शिकणाऱ्या मुलांना आजार पुस्तकातून कळतात, पण समोर बसलेल्या माणसाशी बोलायचं कसं हे पुस्तकातून येत नाही. खऱ्या आजाऱ्यांवर त्याचा सराव करणं बरं दिसत नाही. म्हणून खोटे आजारी ठेवतात. सकाळी आपल्याला एक कार्ड मिळतं. त्यावर आपलं वय, धंदा, काय दुखतं, कधीपासून, विचारलं तर काय सांगायचं, न विचारता काय सांगायचं नाही, सगळं लिहिलेलं. ते पाठ करायचं आणि एका छोट्या खोलीत जाऊन बसायचं. खोलीत दोन खुर्च्या, एक तपासायची खाट, एक पडदा आणि भिंतीभर आरसा. तो आरसा आपल्या बाजूनं आरसा आणि पलीकडून काच, पलीकडे बाकीची मुलं आणि आमच्या शिकवणाऱ्या बाई बसून बघत असतात. आठ मिनिटांनी घंटा वाजते, की आपण बरे. (मी ही नोकरी का घेतली असं तू विचारशील. त्या दिवशी सकाळपासून मी एका चष्मेवाल्याखेरीज कुणाशीही बोललो नव्हतो, आणि त्यालाही मी फक्त भिंतीवरची अक्षरं वाचून दाखवली होती.)

पहिल्या दिवशी माझं कार्ड होतं ‘पोटात असह्य दुखणे’. एक उंच मुलगा आत आला, काय होतंय म्हणाला. मी म्हणालो, विशेष नाही, जरा दुखतंय, पण तुमचं दुसरं काही काम असेल तर ते आधी करा. त्यानं वहीत ‘तक्रार नाही’ असं लिहिलं आणि मला घरी पाठवलं. बाईंनी मला बाजूला घेतलं. म्हणाल्या, “कार्डावर असह्य लिहिलंय.” मी म्हणालो, “हो, पण म्हणून काय समोरच्याला त्रास द्यायचा?” त्यांनी विचारलं, “दुखतंय म्हणायला तुम्हाला इतकं जड का जातं?” याचं उत्तर कार्डावर नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी ठरवून गेलो. घरी आरशासमोर तालीम केली होती. (शेजारच्यांनी भिंतीवर दोनदा ठोकलं. आठ वर्षांच्या शेजारात आमचं झालेलं हे पहिलं संभाषण.) घंटा झाली आणि मी जी आरोळी ठोकली ती ऐकून मुलगा तर भिंतीला जाऊन टेकलाच, पण खालच्या मजल्यावरच्या खऱ्या वॉर्डातून दोन वॉर्डबॉय स्ट्रेचर घेऊन धावत आले. त्यांना आमच्या प्रकाराची माहिती नव्हती. मी सांगतोय, अहो मी खोटा आहे, मला काही झालेलं नाही. ते एकमेकांना म्हणाले, बरळायला लागला, पट्टे घट्ट बांध. मला लिफ्टमधून खाली नेऊन, कपाळावर ओलं फडकं ठेवून, हाताची शीर शोधेपर्यंत मजल गेली, तेव्हा कुठे बाई धापा टाकत आल्या आणि मला सोडवलं. खरं सांगू का ताई, रागावू नकोस. ते फडकं कपाळावर होतं तेवढा वेळ बरं वाटलं.

हळूहळू जमायला लागलं. मी अर्धशिशी केली, पाठीची उसण केली, कान वाजण्याची तक्रार केली, एकदा तर चार महिने लपवलेलं मद्यपान केलं. (तुझ्या माहितीसाठी, मी अजूनही चहाच घेतो.) काम झाल्यावर आपण मुलांना गुण द्यायचे असतात. नजरेला नजर दिली का, बोलणं मध्येच तोडलं का, ऐकून घेतलं का. इथे माझा जुना हात बसलेला. बाकीचे खोटे आजारी मुलांना भरभरून गुण द्यायचे, मी पाव गुणही मोजून द्यायचो. मुलं माझ्या खोलीसमोरून पाय न वाजवता जायची. बाई म्हणाल्या, “तुम्ही पोरांना दूधवाल्यासारखं तपासता.” मी त्याला स्तुती समजलो.

आमच्यात एक नट होता. खरा, पस्तीस वर्षं रंगमंचावर काढलेला, आता दात आणि आवाज दोन्ही सैल झाल्यामुळे निवृत्त. त्याला नेहमी हृदयविकाराचा झटका द्यायचे. तो झटका असा द्यायचा, की काचेपलीकडची मुलं वही लिहायची विसरायची. दुपारच्या सुट्टीत आम्ही कँटीनमध्ये वेगवेगळ्या टेबलांवर बसायचो. मी माझा डबा भिंतीकडे तोंड करून खायचो. त्यानं एकदोनदा हात करून बोलावलं होतं, मी मान हलवून ‘झालंच माझं’ अशी खूण केली. तुला माहीत आहे माझा स्वभाव. ही होती तोवर लोकांशी बोलायचं खातं तिच्याकडे होतं. ती बोलायची आणि मी शेजारी उभा राहायचो, त्यातच माझंही बोलणं झाल्यासारखं व्हायचं. ती गेल्यावर लक्षात आलं की लोकांना माझा आवाजही ओळखीचा नाही.

आता त्या मुलीकडे येतो. मुलांमध्ये एक होती, तिला मी मनात ‘सॉरी’ असं नाव ठेवलं होतं. ती दारातून येताना सॉरी म्हणायची, खुर्ची ओढताना खुर्चीला सॉरी म्हणायची, आणि एकदा स्टेथोस्कोप खाली पडला तेव्हा तो उचलून त्यालाही म्हणाली. मी तिला सगळ्यांत कमी गुण द्यायचो. तिच्या वाट्याला एक दिवस मी आलो, पोटदुखी घेऊन. उजवीकडे, खाली, तीन दिवस. तिनं मला खाटेवर निजवलं, हात चोळून ऊब आणली (हे बाकी कुणी करत नसे, थंड हात थेट पोटावर) आणि तपासायला लागली. मी ठरल्या जागी ठरलेलं ‘आई गं’ म्हटलं. ती तिथे थांबली नाही. हात जरा खाली सरकवला, नेमका कुठे ते लिहीत नाही, तू थोरली बहीण आहेस. मग म्हणाली, “सॉरी, जरा खोका.”

“खोकला कार्डावर नाही,” मी हळूच सांगितलं.

“तरी खोका.”

मी खोकलो. तिचा हात तिथेच होता. ती म्हणाली, “इथे गाठ आहे. खोकल्यावर बाहेर येते. हर्निया वाटतोय.”

“हे कार्डावर नाही,” मी पुन्हा म्हणालो.

“कार्डावर नाही, पण तुमच्या अंगावर आहे,” ती म्हणाली, आणि मग सवयीनं, “सॉरी.”

मी तिला शून्य दिलं. शेऱ्यात लिहिलं, ‘कार्डाबाहेर जाते.’ ताई, ती गाठ मला चार महिन्यांपासून ठाऊक होती. आंघोळ करताना हाताला लागायची. मी साबण त्या बाजूनं फिरवणं बंद केलं होतं. गाठ आहे असं मानलं की ती कुणाला तरी सांगावी लागते, आणि कुणाला सांगायची याचा विचार करायला बसलो की यादी सुरू व्हायच्या आत संपायची. म्हणून गाठच नाही असा निकाल मी देऊन टाकला होता. सगळ्या गावच्या वजनांवर शिक्के मारणारा मी, घरातल्या घरात एवढी लबाडी करून बसलो होतो. पुढचे तीन आठवडे मी ती मुलगी समोरून आली की जिन्याची दुसरी बाजू धरायचो. (गाठ असताना जिने चढणं चांगलं नाही, हे नंतर कळलं.)

मग परीक्षेचा दिवस आला. परीक्षेत नियम फार कडक. परीक्षेची मुलं बाहेर थांबणार, आणि काचेपलीकडे परीक्षक, बाई, खालच्या वर्गाची मुलं आणि त्या दिवशी काम नसलेले खोटे आजारी. आठ मुलं एकामागून एक आत येणार आणि प्रत्येकाला पेशंट तोच, तसाच, तेवढाच मिळाला पाहिजे. एकाला जास्त सांगितलं आणि दुसऱ्याला कमी, तर तो अन्याय. हा नियम ऐकून मला माझं खातं भेटल्यासारखं झालं. आणखी एक नियम होता: कार्डावर नसलेलं काही विचारलं, तर आपल्या आयुष्यात जे असेल ते सांगायचं, आणि पहिल्याला जे सांगितलं तेच पुढच्या सगळ्यांना. माझं कार्ड अगदी सोपं होतं. निवृत्त गृहस्थ, दोन महिने भूक नाही, वजन उतरतंय. बस.

पहिली आली ती सॉरी. बसली. भूक कधीपासून नाही, तोंडाला चव आहे का, पोट साफ होतं का, सगळं नीट विचारलं. मग वही मिटली आणि म्हणाली, “जेवायला सोबत कोण असतं?”

मी कार्ड आठवलं. कार्डावर काही नव्हतं. म्हणजे आता माझं स्वतःचं सांगणं भाग होतं. मी म्हणालो, “रेडिओ.”

ती काही बोलली नाही. सॉरीसुद्धा म्हणाली नाही. मी वाट बघत होतो की ती पुढचा प्रश्न विचारेल, तर ती नुसती बसून राहिली, आणि ती बसून राहिली म्हणून मलाच बोलावं लागलं. मी म्हणालो, “मी उभ्यानं जेवतो. ओट्यापाशी. पातेल्यातूनच.”

“बसून का नाही जेवत?”

“बसलं की समोरची खुर्ची दिसते,” मी म्हणालो. आणि ताई, पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं, पण ते न येता दुसरंच काहीतरी वर आलं. मी चष्मा काढला. रुमाल सापडेना. आठ मिनिटांतली उरलेली तीन मिनिटं मी त्या खोलीत, त्या मुलीसमोर, आणि काचेपलीकडच्या अकरा माणसांसमोर, नाक ओढत रडलो. ही गेली तेव्हा मी रडलो नव्हतो, तू साक्षीला होतीस. मी त्या दिवशी येणाऱ्याजाणाऱ्यांच्या चपला सरळ लावत होतो. घंटा झाली आणि काचेपलीकडून टाळ्यांचा आवाज आला.

बाई आत आल्या तेव्हा त्यांचेही डोळे ओले होते. म्हणाल्या, “काय केलंत हो, अप्रतिम.” मी सांगणार होतो की हे केलेलं नाही, झालेलं आहे. पण त्यांच्यामागून परीक्षक आले, बाहेरगावचे, पट्टीसारखे सरळ गृहस्थ. ते म्हणाले, “उत्तम. आता घरचं विचारलं तर पुढच्या सातही जणांना हेच, इतकंच.” मी म्हणालो, “रडणंसुद्धा?” ते म्हणाले, “अर्थात. सगळ्यांना सारखं नको का?” आता या बोलण्यावर मी, चौतीस वर्षांच्या नोकरीनंतर, काय हरकत घेणार?

दुसरा मुलगा आला. त्यानं पोट साफ होण्याबद्दल तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारलं आणि घरचं काहीच विचारलं नाही. सुटलो असं वाटलं, आणि मग दोन मिनिटांनी थोडा रागही आला. तिसऱ्यानं विचारलं, घरी कोण कोण. मी सगळं सांगितलं, ओटा, पातेलं, खुर्ची, पण डोळे कोरडे ठाक. मला फार अपराधी वाटलं. त्या पोराच्या मापात मी कमी भरलं होतं, आणि आयुष्यभर मी ज्यांची दुकानं बंद केली त्यांच्या रांगेत जाऊन बसलो होतो. चौथा आला तेव्हा मी धसका घेतलेला, त्यानं ‘घरी’ एवढंच म्हटलं आणि माझा बांध फुटला. तो बिचारा इतका घाबरला की तोही रडायला लागला. मग मी त्याला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला, आणि घंटा झाल्यावर त्याला पूर्ण गुण दिले. माझ्या हातून गेलेले ते पहिले पूर्ण गुण.

पाचवी मुलगी जरा धीट होती. घरी कोणी नाही हे ऐकून ती थांबली नाही. “बहीण-भाऊ?” म्हणाली. मी म्हणालो, एक ताई आहे. “मग ती येते का?” मी म्हणालो, आली होती. एक महिना राहणार होती. चौथ्या दिवशी मी तिच्या परतीचं तिकीट काढून आणलं आणि चहाच्या बशीखाली ठेवलं. “का?” ती म्हणाली.

ताई, तू मला तेव्हा ‘का’ असं विचारलं नाहीस. तू बशी उचललीस, तिकीट बघितलंस, आणि बॅग भरायला उठलीस. त्या पोरीनं मात्र विचारलं, आणि नियम असा की विचारलं तर खरं सांगायचं. मी सांगितलं, की आदल्या संध्याकाळी तू आपल्या लहानपणच्या त्या पाहुण्यांची नक्कल केलीस, चहा फुर्र करून पिणाऱ्या, आणि मी हसलो. मोठ्यानं हसलो. हिला जाऊन पुरते वीस दिवस झाले नव्हते. मला आधी लाज वाटली आणि मग भीती वाटली. असा महिनाभर हसलो आणि मग तू गेलीस, तर एका घरातून दोनदा माणूस गेल्यासारखं होईल. दुसऱ्यांदा ते मला झेपलं नसतं. म्हणून सवय व्हायच्या आत तुला घालवून दिलं. मी तुला म्हणालो होतो की मला एकट्याला सगळं जमतं. ते साफ खोटं होतं. मला तेव्हा गॅसची टाकीसुद्धा बदलता येत नव्हती. तू गेल्यावर नऊ दिवस मी दूध तापवलं नाही.

परीक्षकांच्या नियमानं पुढच्या तिघांसाठीही हे आता तयार ठेवावं लागलं, आणि त्या दिवशीचं माझं नशीब असं, की पाचवी बाहेर काय बोलून गेली कोण जाणे, तिघांनीही विचारलं. सहाव्याला सांगताना आवाज कापला. सातवीला सांगताना मी एका जागी थोडं हसलो, त्या नकलेपाशी. आठव्याला मी तो चहाचा फुर्र करूनही दाखवला. म्हणजे हिशेब असा झाला, की आता चार अनोळखी मुलांना, परीक्षकांना, बाईंना आणि काचेपलीकडच्या सगळ्या बाकांना मी तुझ्याशी कसा वागलो ते तपशीलवार माहीत आहे, आणि तुला ते आज पत्रातून कळतंय. याची मला शरम वाटते. पण एक सांगतो. पहिल्यांदा बोललो तेव्हा वाटलं कुणीतरी भर रस्त्यात अंगावरचा सदरा ओढून नेला. आठव्यांदा बोललो तेव्हा नुसती जरा थंडी वाजली. तेवढ्याला घाबरून मी दोन वर्षं काढली होती.

त्या दिवशी कँटीनमध्ये मी सवयीनं भिंतीकडे तोंड करून बसलो, तर तो नट चहाचे दोन कप घेऊन आला आणि न विचारता समोर बसला.  मग म्हणाला, “मी पस्तीस वर्षं रडलो, रोज रात्रीच्या खेळाला. माझं नाक कधी लाल झालं नाही. तुमचं झालं होतं.”   चहा संपल्यावर म्हणाला, “मी पण एकटाच असतो. उभ्यानं नाही जेवत, पण पेपर वाचत जेवतो, म्हणजे तेच.” आता आम्ही एका टेबलावर बसतो. तो फार बोलतो आणि त्यातलं निम्मं खोटं असतं, पण मी ते तपासत नाही.

आणि कॉरिडॉरमध्ये ती मुलगी उभी होती. निकालाबद्दल विचारेल म्हणून मी तोंड कसनुसं केलं. ती म्हणाली, “आता हातात कार्ड नाही ना? मग त्या गाठीचं काय केलंत ते सांगा.” मी म्हणालो, तुला मी शून्य दिलं होतं. ती म्हणाली, ते माहीत आहे, गाठीचं सांगा. मी म्हणालो, काही नाही केलं. “दुखते?” मला सवयीनं ‘विशेष नाही’ म्हणायचं होतं. मी म्हणालो, “हो. संध्याकाळी फार दुखते.” बस, एवढं एक वाक्य. कुणी स्ट्रेचर घेऊन आलं नाही, काही कोसळलं नाही. तिनं माझी पिशवी घेतली आणि मला चालत सर्जनच्या दारापर्यंत पोचवलं, आणि आत जाईपर्यंत बाहेर थांबली. वाकायची मनाई तेव्हापासूनची. छोटंसं ऑपरेशन आहे, ते उरकून घेतो आणि पुन्हा कामावर रुजू होतो. पुढच्या सत्रात मला संधिवात देणार आहेत असं ऐकतो, तेव्हा तुझ्या गुडघ्याचं सविस्तर लिहून पाठवलंस तर माझ्या कामाला उपयोग होईल.

बाकी सर्व क्षेम. भाऊजींना नमस्कार. दोघं प्रकृतीला जपा.

तुझा,
धाकटा

ता. क. ऑपरेशन अगदी किरकोळ आहे, सर्जन स्वतः म्हणाले, रोज असली चार करतो. तुझा गुडघा, एवढा प्रवास, भाऊजींचं पथ्यपाणी हे सगळं बघता तू येण्याची काही एक आवश्यकता नाही. ते लिहायचं राहिलं म्हणून लिहिलं.

दुसरा ता. क. पाकीट बंद केलं होतं, वाफेवर धरून पुन्हा उघडलं. भरतीच्या खिडकीवर एक फॉर्म भरावा लागतो. त्यात ‘सोबतच्या व्यक्तीचे नाव’ अशी ओळ असते. मी तिथे माझंच नाव लिहिलं. पुढे ‘रुग्णाशी नाते’ होतं, तिथे लिहिलं ‘स्वतः’. खिडकीतल्या बाईंनी फॉर्म परत सरकवला. मी म्हणालो, नटाचं नाव चालेल का? त्या म्हणाल्या, घरचं माणूस लिहा हो, मागे लाइन थांबलीय. मी जरा वेळ पेन धरून उभा राहिलो. मग तुझं नाव लिहिलं. पूर्ण, पत्त्यासकट. पेन शाईचं होतं, खोडता येत नाही.

तिसरा ता. क. वरचा पहिला ता. क. खोटा आहे. ताई, तू ये. येत्या मंगळवारच्या पुढचा मंगळवार, सकाळी सात वाजता भरती. मला ऑपरेशनची तेवढी भीती वाटत नाही, पण ते पूर्ण गुंगी देणार आहेत, आणि गुंगी उतरताना माणूस काय काय बोलतो ते त्याच्या हातात नसतं, असं ती मुलगी म्हणाली. मी जे काही बोलेन ते तू ऐक. नंतर मी विचारलं तरी मला सांगू नकोस.